न झालेला सामना

टिल्सन गावच्या वाऱ्याने एकदा मेथॉडिस्टांच्या चर्चमधलं भजन उचललं आणि रस्त्यापलीकडे बॅप्टिस्टांच्या चर्चमध्ये नेऊन टाकलं. तिथल्या मंडळींनी ते शेवटच्या कडव्यापर्यंत म्हटलं, वर्गणीचं ताट फिरवलं, आणि घरी जाऊन जेवायला बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की चाल आपली नव्हती. असा तो कॅन्ससचा वारा. पण त्या वर्षी नोव्हेंबरातल्या तिसऱ्या शनिवारी सकाळी वेंडेल स्ट्रूप आपला जुना ट्रक घेऊन कॉलेजच्या स्टेडियमबाहेरच्या पटांगणात आला, तेव्हा त्या वाऱ्यालाही उडवायला काही सापडत नव्हतं. कागदाची बशी नाही, झेंडा नाही, कुणाची टोपी नाही. डांबरावर गाड्यांच्या जागांचे पांढरे पट्टे तेवढे उरले होते, आणि मधोमध वेंडेल.

त्याने नेहमीच्या जागी, दिव्याच्या खांबाखाली ट्रक लावला. मागे बांधलेली लोखंडी भट्टी पेटवली, डुकराच्या बरगड्या मांडल्या, घडीची खुर्ची उघडली आणि बसून राहिला.

कॉलेजचा रखवालदार डिवेन छोट्या गाडीतून आला. लहानपणी हा पोरगा वेंडेल चालवायचा त्याच शाळेच्या बसमधून जायचा, आणि रोज वळणावर ओकायचा.

"मिस्टर स्ट्रूप," तो चाचरत म्हणाला, "आज सामना नाही."

"मला माहीत आहे."

"पोरं तिकडे दक्षिणेत गेलीत. विमानाने."

"मार खायला. तेही माहीत आहे."

"मग तुम्ही..."

"बरगड्या भाजतोय. त्याला परवानगी लागते का?"

डिवेनने जरा विचार केला. "नाही बहुतेक," तो म्हणाला, आणि एक बरगडी घेऊन निघून गेला.

टिल्सन आणि ब्रॅकेट ही दोन कॉलेजं तिसऱ्या शनिवारी एकमेकांची हाडं मोडत आली होती, ती मोटारी निघायच्या आधीपासून. एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. यांचा फुटबॉल पायाने कमीच खेळतात. लांबट चेंडू काखेत मारायचा आणि समोरच्या अकरा रेड्यांतून वाट काढत पळायचं. गहू वाहून जावो, टोळ येवोत, तिसरा शनिवार चुकत नसे. मग टीव्हीवाले आले. त्यांनी ब्रॅकेटला उचलून एका श्रीमंत लीगमध्ये नेऊन बसवलं. ती लीग इतकी ऐसपैस होती की तिच्या एका टोकाला लोक न्याहारीला बसायचे तेव्हा दुसऱ्या टोकाला आदल्या रात्रीच्या सामन्याची मारामारी अजून संपलेली नसायची. ब्रॅकेटच्या शनिवारांना सोन्याचा भाव आला. टिल्सनसारख्या शेजाऱ्याच्या अंगणात एक शनिवार घालवणं त्यांच्या हिशेबात बसेना. त्यांनी टिल्सनला एक नम्र निवेदन धाडलं आणि शंभरावर वर्षांचं वैर संपवून टाकलं.

टिल्सनने काय केलं? चार दिवस दातओठ खाल्ले, आणि पाचव्या दिवशी आपला मोकळा झालेला शनिवार विकला. दक्षिणेतल्या एका धनाढ्य युनिव्हर्सिटीला घरच्या प्रेक्षकांसमोर बदडायला कुणीतरी हवं होतं. त्या पैशांतून टिल्सनच्या बँडला नवे कर्णे आणि तालमीच्या इमारतीला नवं छप्पर मिळणार होतं. "मारही आपणच खायचा आणि पोचपावतीही आपणच द्यायची," असं कॅफेवाली जॉर्जीन म्हणाली. गाव हसलं, हळहळलं, आणि शनिवारी आपापल्या घरी टीव्हीसमोर जाऊन बसलं.

वेंडेलला सामन्याचं तितकंसं काही नव्हतं. टिल्सनला हरताना त्याने इतक्या वेळा पाहिलं होतं की जिंकलं की त्याला अवघडल्यासारखं व्हायचं. त्याचं घोडं अडलं होतं ते खेचरापाशी.

खेचर म्हणजे ब्रॅकेटचा एक माणूस. जवानीत दोघांची ओळख झाली ती खेचराने त्याला टर्कीची तंगडी फेकून मारली तेव्हा. वेंडेलने ती झेलली आणि खाल्ली. तेव्हापासून दर तिसऱ्या शनिवारी, एक वर्ष या पटांगणात आणि एक वर्ष त्या पटांगणात, दोघं सूर्य उगवल्यापासून एकमेकांच्या कॉलेजचा उद्धार करत बसायचे. खेचर चिलीचं, म्हणजे खिमा-राजम्याच्या तिखटजाळ रश्श्याचं, पातेलं आणायचा, वेंडेल बरगड्या. बरगड्यांवर वेंडेल देवाची प्रार्थना इतकी लांबवायचा की एकदा खेचराला मधेच दाढी करावी लागली. म्हणून वेंडेलचं नाव पडलं पाद्री.

पटांगणातल्या मैत्रीचा एक अलिखित कायदा आहे. तिथे माणसाच्या पित्ताशयापासून त्याच्या पहिल्या बायकोच्या पोपटापर्यंत सगळं विचारता येतं, पण खरं नाव, पत्ता, फोन विचारायचा नाही. विचारलं तर समोरच्याला वाटतं, हा विमा विकणार. वेंडेलला ठाऊक होतं की खेचराला अंधाराची भीती वाटते, मुलगी बोलत नाही, आणि तो घोरतो तेव्हा शेजारच्या शेतातल्या गायी हंबरून उत्तर देतात. नाव ठाऊक नव्हतं. गरजच कधी पडली नाही. तिसरा शनिवार होता ना! वेंडेलची बायको ओपल गेली, त्या वर्षी तो कुणाशी बोलला नव्हता, पण तिसऱ्या शनिवारी खेचराने त्याच्या ताटात चिली वाढली आणि म्हणाला, "तुमची बचावफळी माझ्या आजीसारखी आहे. आणि आजी मेलीय." त्यावर वेंडेल जो रडायला लागला तो मध्यांतरापर्यंत रडत होता, आणि खेचर तेवढा वेळ बचावफळीलाच शिव्या देत राहिला.

मागल्या वर्षी ब्रॅकेटला खेचर बोलता बोलता मधेच खाली बसला. ओठ जांभळे पडले होते.

"वसंतात छाती उघडणार आहेत," तो म्हणाला.

"आत काही सापडलं तर कळव," वेंडेल म्हणाला.

दोघं खूप हसले. कसं कळवायचं, हे तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही. हिवाळा सरता सरता सामना रद्द झाल्याची बातमी आली, आणि मग वसंतही येऊन गेला.

म्हणून वेंडेल रिकाम्या पटांगणात बसला होता. पाळी टिल्सनची होती. खेचर हट्टी, जिवंत असला तर पाळी पाळेल, असा त्याचा हिशेब. पण ऊन खांबाच्या या बाजूने त्या बाजूला गेलं, बरगड्यांचा रंग चढला, आणि रस्त्यावर एक भटकं रान-झुडूप गडगडत गेलं तेवढंच. वेंडेल उठला. भट्टी विझवायचं त्याच्या जिवावर आलं, म्हणून ती तशीच पेटती ट्रकच्या मागे ठेवून तो ब्रॅकेटच्या वाटेला लागला. त्या दिवशी बरगड्यांच्या धुरामागे दोन काउंट्यांमधली कुत्री हमरस्त्यावर रांगेने धावत होती, आणि त्यांच्यातलं एक शेवटपर्यंत पोचलं, असं सांगतात. कुत्र्याने स्वतः मात्र पुढे कधी त्याची वाच्यता केली नाही.

ब्रॅकेटचं पटांगण ओळखू येत नव्हतं. जिथं गाड्यांच्या मागे भट्ट्या धुमसायच्या तिथं पांढरेशुभ्र तंबू, आत गालिचे, आणि पांढऱ्या टोप्या घातलेले भाड्याचे आचारी. दारावरच्या पोराच्या हातात यंत्र होतं.

"पट्टी दाखवा, सर. मनगटावरची."

"कसली पट्टी? मी खेचराला शोधतोय."

"माफ करा?"

"खेचर. उंच, कान मोठे, चिली करतो. इथे कोपऱ्यावर, पाण्याच्या टाकीखाली त्याची जागा आहे."

"त्यांचं नाव काय, सर?"

"खेचर."

पोराने यंत्रात पाहिलं. त्याने खरोखर पाहिलं, बिचाऱ्याने. "या नावाचे देणगीदार नाहीत," तो म्हणाला. "आणि सर, सामना संध्याकाळी आहे. आज ज्यांच्याशी खेळायचंय त्या समुद्राकडच्या संघाच्या लोकांच्या सोयीने टीव्हीने वेळ बदलली. मागच्या आठवड्यात कळवलंय."

वेंडेल तंबूंच्या कडेकडेने चालत राहिला. अंगात टिल्सनचं हिरवं जाकीट होतं. या जाकिटासाठी त्याने या गावात अंडी खाल्ली होती, म्हणजे अंगावर. इथल्या एका म्हाताऱ्या बाईने एकदा त्याला छत्रीने झोडपलं होतं, आणि तिचा नवरा तिला दमलीस का विचारून छत्री स्वतःकडे घेत होता. आता गडद लाल शर्टांतली माणसं त्याला वाट देत होती. एक तरुण बाई गोड हसून म्हणाली, "वेलकम! तुम्ही त्या समुद्रवाल्यांकडचे का?"

"मी टिल्सनचा."

"अच्छा," ती म्हणाली. "ते कुठे आलं?"

वेंडेलचा असा अपमान जन्मात झाला नव्हता. तो थांबला. तिने निदान एक टोमणा मारावा म्हणून तो क्षणभर वाट बघत उभा राहिला. ती आणखी गोड हसली आणि त्याला पाण्याची बाटली देऊन गेली.

एका तंबूच्या मागे जुना झाडूवाला खरकटं गोळा करत होता. त्याने जाकिटाकडे पाहिलं आणि जमिनीवर थुंकला. वेंडेलला इतकं बरं वाटलं की त्याने त्याचा हातच धरला.

"खेचर कुठे आहे?"

"ज्यांना इथली जागा परवडली नाही ते सगळे हमरस्त्यापलीकडे गेले. गुरांच्या लिलावाच्या आवारात," झाडूवाला म्हणाला. "सगळे म्हणजे आता फारसे नाहीत. आहे का तो, मला ठाऊक नाही. उन्हाळ्यात कुणीतरी गेलं त्यांच्यातलं."

"कोण?"

"नावं कुणाला माहीत असतात?"

लिलावाच्या आवारात गुरं नव्हती, वास होता. कुंपणाशी पाच-सहा गाड्या एकमेकींपासून लांब लांब उभ्या होत्या, जशी भांडायलाही काही न उरलेली माणसं बसतात तशी. वेंडेल एकेका गाडीपाशी सावकाश गेला. घाई केली तर लवकर कळेल, आणि लवकर कळायला नको होतं. शेवटच्या गाडीच्या आडोशाला घडीच्या खुर्चीत एक माणूस बसला होता. अंगावरचा लाल कोट त्याला दोन मापं मोठा. कान मात्र पूर्वीच्याच मापाचे होते.

वेंडेल त्याच्या पाठीमागे येऊन उभा राहिला.

"पाळी टिल्सनची होती, पाद्र्या," खेचर मागे न बघता म्हणाला. "बरगड्यांचा वास दहा मैलांवरून येतोय."

"मग आला का नाहीस?"

"डॉक्टरांनी गाडी चालवू नको म्हटलंय. इथवर शेजारणीने सोडलं. संध्याकाळी न्यायला येईल. तुला कळवणार होतो, पण..." त्याने हात हवेत फिरवला.

"छातीत काय सापडलं?"

"काही नाही. पुन्हा शिवली."

वेंडेलने खुर्ची उघडली. बरगड्या काढल्या. प्रार्थना केली, छोटीच. खेचराने एक बरगडी घेतली, थोडी खाल्ली, आणि बाकीची बशीत तशीच ठेवली. चिली आणली नव्हती. एकट्यासाठी कोण करतो, असं म्हणाला. दरवर्षी या वेळेला एकमेकांचा गळा धरायची पाळी आलेली असायची. आता धरायला गळाच नव्हता. पलीकडे स्टेडियमवर बँडवाले सराव करत होते, समुद्राकडून आलेल्या पाहुण्यांसाठी नवीन धून.

"हे समुद्रवाले कसे आहेत?" वेंडेलने विचारलं.

"काय माहीत. चांगले असतील."

"जिंकाल?"

"जिंकू. नाहीतर हरू."

मग वेंडेलने एक चूक केली. त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, "माझं नाव वेंडेल. वेंडेल स्ट्रूप."

खेचराने त्या हाताकडे पाहिलं, आणि जरा वेळाने तो हातात घेतला. "लिऑन फेरिस," तो म्हणाला.

आणि झालं! दोन परके म्हातारे गुरांच्या आवारात बसले होते. लिऑन फेरिसने वेंडेल स्ट्रूपला प्रवास कसा झाला विचारलं. वेंडेल स्ट्रूपने ठीक झाला म्हणून सांगितलं. गव्हाच्या भावाची चौकशी झाली. दोघांनाही गव्हाशी काही देणंघेणं नव्हतं. वेंडेलला वाटलं, हा माणूस उन्हाळ्यातच गेला असता आणि आपल्याला कळलं नसतं, तर आपण घरी बसून निदान खेचराची वाट तरी बघितली असती. तो उठला आणि खुर्ची मिटायला लागला.

"निघालास?"

"अंधाराच्या आत पोचलेलं बरं."

"हो, बरं." खेचर बशीतल्या बरगडीकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "तुमचं नशीब सामना झाला नाही ते. यंदा आम्ही तुमची चटणी वाटली असती."

वेंडेलची खुर्ची अर्धी मिटलेली राहिली.

"कुणाच्या जोरावर? त्या तुमच्या लंगड्या क्वार्टरबॅकच्या? त्याला स्वतःच्या बुटाची नाडी सापडत नाही."

"त्याने पहिल्याच फटक्यात तुमच्या डोक्यावरून चेंडू टाकला असता. सात-शून्य."

"टाकला असता, आणि आमच्या बेकरीवाल्याच्या पोराने तो मधेच खाल्ला असता. तो पोरगा काहीही झेलतो. सात-सात."

"त्याला तीन जणांनी धरलं."

"तिघांना घेऊन पळाला. दोघांना मधे उतरवलं, तिसरा शेवटपर्यंत आला."

खेचराने उरलेली बरगडी उचलली आणि दात रोवले. वेंडेल खाली बसला. मग त्या आवारात जो सामना झाला तसा गेल्या शंभर वर्षांत झाला नसेल. वारा टिल्सनच्या बाजूने होता तेव्हा खेचराने गारा आणल्या. वेंडेलने गारांमध्ये पंच हरवला. एकदा टीव्हीच्या जाहिराती इतक्या लांबल्या की ब्रॅकेटच्या दोन खेळाडूंचं शिक्षण पूर्ण झालं आणि ते नोकरीला लागले. लांब लांब उभ्या असलेल्या गाड्यांमधून एक जोडपं आलं, मग एक दाढीवाला आला, आणि कुणी काही न विचारता बाजू घेऊन बसले. दाढीवाल्याने वेंडेलच्या आईबद्दल काहीतरी म्हटलं. वेंडेलने त्याला आग्रहाने दोन बरगड्या दिल्या.

शेवटाला टिल्सन एका गुणाने पुढे होतं आणि चेंडू ब्रॅकेटच्या हातात.

"आमचा पोरगा कडेने सुटला," खेचर ओरडला. "रेषेला धरून! आणि पोचला!"

"रेषेच्या बाहेर पाय पडला त्याचा."

"आत होता!"

"बाहेर."

"थांब, तुला दाखवतो." खेचर उठला. जमिनीवर ट्रकच्या चाकाची एक लांब खूण होती, तीच रेषा. त्याने जोडप्याच्या हातातला पाव हिसकावून काखेत मारला आणि धावला. मोठा कोट पाठीमागे फडफडत होता. तीन पावलं, चार, मग एक लांब टांग, आणि तो तसाच थांबला. पाव खाली पडला. एक हात छातीवर गेला. वेंडेलने त्याला बखोट धरून खुर्चीत आणून बसवलं. ओठ पुन्हा जांभळे झाले होते. जोडप्यातली बाई पाणी घेऊन धावली. दाढीवाल्याने टोपी काढून हातात घेतली.

खेचर डोळे मिटून बराच वेळ श्वास गोळा करत होता. मग एक डोळा उघडून त्याने वेंडेलकडे पाहिलं.

"आत होता ना?" त्याने विचारलं. आवाज इतका बारीक की वाऱ्याने नेला असता.

सगळे वेंडेलकडे बघत होते. बाईने तर मानेने खूण केली, म्हणा हो एकदाचं. वेंडेलच्याही घशाशी तोच शब्द आला होता. खेचराचा तो एक उघडा डोळा त्याच्यावरून हलत नव्हता. आजाऱ्याला देतात तसा विजय त्याला दिला, तर तो घेईल, आभार मानेल, आणि मग या खुर्चीत लिऑन फेरिस बसलेला असेल.

"बाहेर होता," वेंडेल म्हणाला. "चांगला वीतभर."

बाईने "देवा!" म्हणून तोंडावर हात ठेवला. खेचराचा दुसरा डोळा उघडला. चेहऱ्यावर हळूहळू रंग चढत गेला, आधी कानांवर, मग खाली.

"लबाड!" तो म्हणाला. "लबाड, आंधळा, टिल्सनचा चोर! मेलास तरी तुझ्या थडग्यावर लिहून ठेवीन, पाय आत होता म्हणून. चालता हो माझ्या पटांगणातून!"

"जातो. एका गुणाने जिंकून जातो."

"पुढच्या वर्षी टिल्सनला येतो, थांब. शेजारणीला घेऊन येतो. रेष तुझ्या डांबरावर रंगाने मारून ठेव."

"पाळी चुकवू नकोस."

"पाळी तू चुकवलीस!"

वेंडेलने भट्टीतला निखारा विझवला, उरलेल्या बरगड्या कुंपणाजवळच्या माणसांना वाटल्या आणि ट्रकमध्ये बसला. हमरस्त्यावर स्टेडियमचे दिवे लागायला सुरुवात झाली होती. आत हजारो माणसं समुद्रवाल्यांविरुद्ध घसा कोरडा करत होती. त्याच्या पुढे मात्र कापून नेलेली शेतं, रिकामा रस्ता आणि शेजारची रिकामी जागा. घरी दिवा लावायला कुणी नव्हतं, आणि एक वर्ष हा त्याच्या वयाला फार मोठा पल्ला होता. खेचराच्या छातीला तर त्याहून मोठा. रेडिओवाला दक्षिणेतल्या सामन्याचे गुण सांगायला लागला तसा वेंडेलने रेडिओ बंद केला.

बऱ्याच वेळाने, जिथे ऐकायला एकही माणूस नव्हता तिथे, तो मोठ्याने म्हणाला, "आत होता रे, खेचरा. चार बोटं आत."